बेलतांड्याचा गराशा

सरकारी लिलावाला माणूस जातो तो मोडकी खुर्ची घ्यायला, नाहीतर डांबराचं रिकामं पिंप घ्यायला. खेमसिंग आडे यवतमाळला गेला आणि मेलेला ट्रक घेऊन आला.

बेलतांड्यात ही बातमी पोचली तेव्हा आधी कोणाचा विश्वासच बसला नाही. बसला तेव्हा तांडा पोट धरून हसला. बेलतांडा म्हणजे पुसदपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेली बंजाऱ्यांची वस्ती. मधे एक घाट. घाटाच्या अलीकडे कापूस आणि ज्वारी, पलीकडे बाजार. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखात फिरले. त्या फिरतीला लदेणी म्हणायचे. पुढं आगगाडी आली, सडका झाल्या, आणि लदेणी संपली. नातवंडं नांगर धरून एका जागी बसली. बसली, पण अंगातली वाट काही बसली नाही. खेमसिंगच्या तर मुळीच नाही.

तो ट्रक त्याच्या ओळखीचा होता. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास खेमसिंग सडकेच्या सरकारी कामावर गिट्टी भरायला जायचा. लढाईच्या वेळची ती शेवरलेट, नाक चपटं, आवाज वाघाचा. ड्रायव्हर दिलदार होता. दुपारच्या भाकरीनंतर तो सावलीत आडवा व्हायचा आणि खेमसिंगला म्हणायचा, जा, फिरव माळावर. अशा चोरून मारलेल्या चकरांत खेमसिंग गिअर शिकला, आणि पुढं रीतसर लायसनही काढून बसला. एका पावसाळ्यात नाल्याच्या काठची माती खचली आणि ट्रक गिट्टीसकट कुशीवर गेला. ड्रायव्हरचा पाय मोडला. खेमसिंगला खरचटलंसुद्धा नाही, कारण तो गिट्टीच्या ढिगावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता आणि ट्रक पडायच्या आधीच उडी मारून मोकळा झाला होता. त्याच्या शेंगा मात्र गेल्या, हे तो अजून हळहळून सांगायचा.

नंतर तो ट्रक सरकारी आवारात बाभळीखाली पडून राहिला. राज्य मध्यप्रदेशाचं मुंबईचं झालं, मुंबईचं महाराष्ट्राचं झालं. दारावर एका सरकारचं नाव पुसून दुसऱ्याचं रंगवायचा कोणी प्रयत्न केला होता, तोही अर्धवट सोडलेला. कॅबिनचा पत्रा पापडासारखा चेपलेला, पुढचा आस वाकलेला, आणि सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. लिलावात बोली लावायला खेमसिंगशिवाय एकच भंगारवाला होता, आणि तोही कोंबडीकडेच जास्त बघत होता. किती पैसे दिले ते खेमसिंगनं बायकोला सांगितलं नाही, तर आपल्याला कोण सांगणार? तांड्याला दिसलं ते एवढंच की त्याच्या गोठ्यातली एक बैलजोडी नाहीशी झाली.

त्यावरून त्याच्या आईनं अन्न टाकलं नाही एवढंच. भुरीबाईचं वय सत्तरीच्या आसपास. तांड्यात लदेणी डोळ्यांनी पाहिलेलं ते शेवटचं माणूस. बापाच्या बैलांमागून चालत ती लहानाची मोठी झाली होती. दंडभर पांढऱ्या बांगड्या, आरशांची ओढणी आणि डोक्यावर कायम काहीतरी ओझं. सकाळी पाण्याची घागर, दुपारी सरपणाची मोळी, संध्याकाळी चाऱ्याचा भारा. सून लालीबाई हातातून घ्यायला गेली तर भुरीबाई तिच्यावर डाफरायची. खेमसिंग म्हणायचा, "याडी, आता तरी ठेव खाली. लोक मले हसतेत." याडी म्हणजे आई. घरात बोली गोरमाटी, पण त्या वऱ्हाडी-गोरमाटीच्या खिचडीत कोणाचं काही अडत नसे.

"ठेवून काय करू?" ती म्हणायची. "डोक्यावर ओझं नसलं का मान डुलते, बापा."

खेमसिंगला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या त्यानं बायकोला एकदा उघड बोलून दाखवल्या होत्या. एक, बेलतांड्याचा कापूस बेलतांड्याच्याच वाहनातून पुसदला जावा. आपण वाहतूक करणाऱ्यांची औलाद, आपण दुसऱ्याच्या मोटारीची वाट बघत घाटात बसतो याची त्याला लाज वाटायची. आणि दुसरी, आईनं मरायच्या आधी एकदा तरी मोकळ्या डोक्यानं, ऐटीत बसून घाट चढावा. पहिली गोष्ट जमण्यासारखी होती. दुसरीबद्दल लालीबाई म्हणाली, "तुमी ट्रक उठवसान मढ्यातून. पन बुढीच्या डोक्यावरचं गाठोडं? ते देवानंही होनार नाई."

यवतमाळहून पुसदपर्यंत ट्रक दुसऱ्या एका ट्रकच्या मागं साखळीनं बांधून आला. पुसदच्या वेशीपासून मिस्त्रीच्या शेडपर्यंत मात्र खेमसिंगच्या उरलेल्या बैलजोडीनं ओढला. ज्यांना ट्रक आराम देणार होता, त्यांनीच आधी त्याला ओढला. यावरही बाजारात बरीच करमणूक झाली.

रहेमान मिस्त्री शेडच्या दारात उभा होता. इंजिन उघडून पुस्तकासारखं वाचणाऱ्या माणसांपैकी तो एक. हात काळे, दाढी पांढरी, जीभ तिखट. त्यानं ट्रकभोवती एक चक्कर मारली, चेपलेल्या कॅबिनमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"खेमसिंगभाई, ये क्या उठा लाए? याले कबरस्तानात न्यायचं, तं तुमी माह्याकडे आणलं."

"मिस्त्री, आत जीव आहे."

"कशावरून?"

"मी पाह्यला आहे याले धावताना."

रहेमाननं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "चहा सांगा." खेमसिंगला तेव्हाच कळलं की काम होणार. नाही म्हणायचं असतं तेव्हा रहेमान चहा पीत नसे.

होळीनंतर सुरू झालेलं काम दिवाळीला टेकलं. खेमसिंग शेतातलं उरकून येईल तसा यायचा आणि मिस्त्रीच्या हाताखाली राबायचा. पिस्टन गंजून चिकटले होते. त्यांना रॉकेलमध्ये भिजत घातलं, आणि ते सुटेपर्यंत दोघांनी त्यांना हिंदी, मराठी आणि गोरमाटीतून शिव्या दिल्या. वाकलेला आस कोळशाच्या भट्टीत लाल करून लोहाराकडून सरळ करून घेतला. कमानीचे तुटलेले पाटे नवे बसवले. कॅबिनच्या पत्र्यात मात्र काही राम नव्हता, म्हणून देवीलाल सुतारानं सागाची कॅबिन केली. आपल्या भागात लोखंड महाग असेल, सागाला तोटा नाही. देवीलालच्या हाताला पलंग-कपाटांची सवय, त्यामुळे कॅबिनच्या दारालाही त्यानं एक वेलबुट्टी कोरली. रहेमान म्हणाला, "ट्रक बनवला का दुल्हनची डोली?" देवीलालनं ती स्तुती समजून दुसऱ्या दारालाही कोरली.

दुपारची भाकरी रहेमानच्या घरून यायची. त्याची बायको खैरुनबी अंबाडीच्या भाजीत लसणाची फोडणी अशी घालायची की खेमसिंगला शेवटी शेवटी ट्रक लवकर होऊ नये असं वाटू लागलं.

एका गोष्टीवर मात्र मिस्त्रीचा हात चालला नाही. रेडिएटरला त्यानं जागोजाग डाग दिले, पण ते काही पुरतं बरं झालं नाही. "एवढं ध्यानात ठेवजा," तो म्हणाला. "हिले चढावावर रांगत नेऊ नका. हळू चालली का हिची छाती तापते. पळती ठेवा, वारा लागू द्या. भरली असली तरी चालन, पन पळती पायजे."

मग एका सकाळी खेमसिंगनं हँडल मारलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा हँडलनं उलटा फटका दिला आणि त्याचा अंगठा सुजला. तिसऱ्यांदा ट्रक खोकला, थरथरला, काळा धूर सोडला आणि ओरडू लागला. तोच तो वाघाचा आवाज. खेमसिंगनं सुजलेला अंगठा तोंडात घातला आणि तसाच रडला. रहेमान दुसरीकडे बघत पाना पुसत राहिला.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यात गोधनाची पूजा असते. पोरी शेणाचं गोधन मांडतात, गुराढोरांना ओवाळतात. नेमका त्याच दिवशी खेमसिंग भोंगा वाजवत ट्रक घेऊन तांड्यात शिरला. कुत्री भुंकली, कोंबड्या झाडावर गेल्या, बायका गात बाहेर आल्या. जे हसले होते तेच आता पत्र्यावरून हात फिरवायला पुढं. भुरीबाई दारातच उभी होती. बैल विकल्यापासून ती मुलाशी कामापुरतंच बोलत होती. पण सागाच्या कॅबिनवरून तिची नजर फिरली, आणि तिच्या तोंडावरचा राग थोडा उतरला.

आणि इथंच खेमसिंगनं घोटाळा केला. आनंदात माणसाची जीभ सैल सुटते. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "याडी, याची पूजा तू कर. तुह्या बापाच्या गराशाची करत होते ना, तशीच कर!"

गराशा म्हणजे लदेणीतला सगळ्यात पुढचा बैल. शेकडो बैल ओझ्याखाली वाकून चालायचे, पण गराशा देवाला सोडलेला. त्याच्या गळ्यात घंटा, कपाळावर कवड्यांची पट्टी. त्याच्या पाठीवर कधी ओझं ठेवायचं नाही, कोणी बसायचं नाही. तो चालेल तेव्हा तांडा चालायचा, तो बसेल तिथं तांडा उतरायचा. हे सगळं खेमसिंगनं लहानपणी शंभरदा ऐकलेलं होतं. पण कान ऐकतात तेव्हा डोकं कुठं असतं, कोणास ठाऊक.

भुरीबाई आत गेली. पेटीच्या तळातून तिनं बापाच्या गराशाची घंटा काढली. पितळेची, काळी पडलेली, कवड्यांच्या पट्टीत ओवलेली. ती घंटा तिच्याजवळ आहे हे खेमसिंगलाही माहीत नव्हतं. तिनं ती बॉनेटला बांधली, कुंकू लावलं, शिऱ्याचा भोग लावला, बंजाऱ्यांच्या संत सेवाभायाचं नाव घेतलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजपासून तू देवाचा. तुह्या पाठीवर ओझं नाई. तू समोर चाल, आमी मांगून येतो."

"हाँ!" सगळा तांडा एका सुरात म्हणाला. त्यात सगळ्यात मोठा आवाज खेमसिंगचा होता.

पुढच्या आठवड्यात पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला. बाजाराच्या आदल्या दिवशी खेमसिंगनं ट्रकचं फळकं उघडलं आणि गाठोडी टाकायला सुरुवात केली. भुरीबाई मोळी घेऊन रानातून येत होती. मोळी डोक्यावर तशीच ठेवून ती थांबली.

"काय करून राह्यला, बापा?"

"कापूस भरून राह्यलो, याडी."

"कायच्यात?"

"ट्रकात."

"गराशावर?"

खेमसिंगच्या हातातलं गाठोडं हातातच राहिलं. शेजारचा माणूस आपलं गाठोडं घेऊन येत होता, तो तिथूनच मागं फिरला. घटकाभरात साऱ्या तांड्याला कळलं की ट्रकवर कापूस चढत नाही.

तांड्याची बैठक बसली. तिला नसाब म्हणतात. तांड्याचा प्रमुख, नायक हरिसिंग, मोठा सरळ माणूस. त्यानं मिशीला पीळ दिला आणि विचारलं, "बोल खेमसिंग."

"नायक, तो बैल नोय. लोखंड आहे. त्याच्यात पेट्रोल टाका लागते, चारा नाई."

"लोखंडच होतं. पूजेच्या आंधी. मंग तूच म्हणला, गराशासारखी पूजा कर. म्हणला का नाई?"

"म्हणलो."

"बुढीनं शब्द देल्ला. आमी सगळ्यायनं हाँ म्हणलं. तूही म्हणला. म्हणला का नाई?"

"म्हणलो."

"मंग?"

एक आडदांड पोरगा मागून म्हणाला, "सरकारी होता तवा गिट्टी वाहे, आपल्या घरी आला आन देव झाला!" लोक हसले, पण गाठोडं उचलून ट्रकमध्ये टाकायला कोणी उठलं नाही. देवाला दिलेला शब्द होता. खेमसिंगला आतून फार वाईट वाटलं. बैल गेले, आईचा राग ओढवला, सात-आठ महिने हाडं झिजवली, आणि ट्रक दारात उभा राहणार तो तुळशीवृंदावनासारखा, हळद-कुंकू खात.

रहेमान मिस्त्रीला कळलं तेव्हा तो सायकल दामटत आला. आधी खूप हसला. मग खेमसिंगचं तोंड बघून हसायचा थांबला आणि म्हणाला, "सीधी बात आहे. हिरवा रंग मारा. अम्माले सांगा, तो ट्रक इकला, हा दुसरा घेतला."

"तिले शेणावरून बैल वळखू येते, मिस्त्री. रंगानं फसन का ते?" खेमसिंग म्हणाला. आणि थोड्या वेळानं म्हणाला, "आन फसली तरी मले फसवायची नाई."

जाताना रहेमान भुरीबाईला सलाम करून गेला, आणि ट्रकच्या बॉनेटवर हलकेच एक थाप मारून.

शेवटी नायकानं तोड काढली. तांड्याच्या अकलेला ती अगदी रास्त वाटली. गराशावर ओझं नाही, पण चालणं तर आहे? मग बाजाराच्या दिवशी ट्रक पुढं चालेल, रिकामा, आणि कापसाच्या गाड्या मागून. जशी लदेणी निघायची तशी.

पहाटे वरात निघाली. सगळ्यात पुढं घंटा वाजवत रिकामा ट्रक, बैलाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये. मागं कापसानं फुगलेल्या गाड्या, गाड्यांच्या मागं डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका. ट्रकच्या अगदी बाजूनं भुरीबाई. तिच्या डोक्यावर तिनं स्वतः वेचलेल्या कापसाचं गाठोडं, एक हात त्याला लावलेला. खेमसिंगनं कॅबिनमधून विनवलं, "याडी, आत बस ना."

"गराशावर कोणी बसते का?"

"मी बसलो ना!"

"तू हाकून राह्यला. हाकणारा लागतेच." असं म्हणून ती चालू लागली. तिची पावलं घंटेच्या ठेक्यावर पडत होती. खेमसिंगनं बाजूला पाहिलं तर तिच्या तोंडावर असं काही होतं, जे त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. ती बापाच्या मागून चालत होती. त्याला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

घाट लागला. मिस्त्रीनं जे करू नको म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच चाललं होतं. चढावावर रांगणं. अर्ध्या घाटात रेडिएटर गुरगुरलं, मग फसफसलं, आणि झाकण उडून पांढऱ्या वाफेचा लोट वर गेला. ट्रक थांबला. मागच्या गाड्या थांबल्या. चाकांना दगड लावायची धांदल उडाली. त्या ओढाताणीत खेमसिंगच्या उरलेल्या जोडीतला पांढऱ्या नावाचा बैल गुडघ्यांवर पडला. लालीबाईनं धावत जाऊन त्याचं जू सोडलं. गुडघे सोललेले, तोंडाला फेस.

"गराशा बसला," नायक हरिसिंग गंभीरपणे म्हणाला. "तांडा उतरन."

आणि भर घाटात, तळपत्या उन्हात, तांडा उतरला. नियम म्हणजे नियम. चुली पेटायच्याच काय त्या बाकी राहिल्या.

भुरीबाई पांढऱ्याजवळ गेली. गाठोडं डोक्यावरच ठेवून ती वाकली आणि कनवटीची हळद त्याच्या गुडघ्यांना लावली. मग ट्रकजवळ आली. खेमसिंग नाल्यावरून आणलेलं पाणी हातात घेऊन इंजिन थंड व्हायची वाट बघत होता.

"याले काय झालं?"

"याडी, हा चालाले बनला नाई. पळाले बनला. रिकामा असो का भरला, हळू चालला का याची छाती तापते."

"भरला आन पळवला, तं चढन?"

"गिट्टी घेऊन चढे हाच घाट. मी बसलो रायचो वरतं."

भुरीबाई ट्रककडे बघत राहिली. मग तिनं पांढऱ्याकडे पाहिलं, मागं लांबलेल्या गाड्यांकडे पाहिलं, उन्हात उभ्या बायकांकडे पाहिलं.

"नायक," ती म्हणाली, "माह्या बापाचा गराशा म्हातारा झाला. असाच एका घाटात बसला. मंग काय केलं ठाव आहे?"

"नाई. तुवाच पाह्यली लदेणी. आमी कुठं पाह्यली?"

"घंटा काढली. दुसऱ्याच्या गळ्यात बांधली. देवपण घंटेत असते, कातड्यात नाई. घंटा गेली का मंग त्यानं ओझं वाह्यलं तरी पाप नाई."

नायकानं मिशी पिळली. "मंग आता कोनाच्या गळ्यात बांधतं?"

"जो बिनओझ्याचा आहे त्याच्या."

सगळे इकडंतिकडं बघू लागले. बैल तर सारे गाडीला जुंपलेले. पुरुषांच्या हातात कासरे. बायकांच्या डोक्यांवर गाठोडी. बिनओझ्याचं त्या घाटात कोणी नव्हतंच. भुरीबाई एकेकाकडे बघत शेवटी स्वतःपाशी आली. मग दोन्ही हात वर करून तिनं डोक्यावरचं गाठोडं उचललं आणि खाली, सडकेवर ठेवलं.

लालीबाईच्या तोंडून आश्चर्यानं आवाज निघाला.

भुरीबाईनं बॉनेटची घंटा सोडली आणि ओढणीच्या पदराला बांधली. "आता मी गराशा. मले समोर बसवा. आन भरा तो ट्रक, उभे काय राह्यले?"

आधी लोक हसले. मग कोणीच हसलं नाही. नायक हरिसिंगनं डोक्याचं पागोटं नीट केलं, "हाँ," म्हणाला, आणि पहिलं गाठोडं त्यानं स्वतः फेकलं. ते भुरीबाईचंच होतं. गाड्यांतला कापूस ट्रकमध्ये चढू लागला. पोरी वर चढून तो तुडवू लागल्या, गाऊ लागल्या. रिकाम्या गाड्या हलक्या होऊन उताराला लागल्या. पांढऱ्या लंगडत, पण मोकळा, घरी गेला.

खेमसिंगनं आईला हात देऊन कॅबिनमध्ये बसवलं. देवीलालनं वेलबुट्टी कोरलेलं दार लावलं. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, हँडल मारलं, आणि ट्रक भरल्या पोटानं घाट चढला. पळत. वारा लागत.

भुरीबाई ताठ बसली होती. तिच्या हातांना काय करावं सुचेना. प्रत्येक वळणावर तिचा उजवा हात वर जायचा, डोक्यावरचं गाठोडं सावरायला. तिथं काही नाही हे कळलं की खाली यायचा. थोड्या वेळानं परत वर. खेमसिंगला पुढची सडक धूसर दिसू लागली, आणि त्याचं कारण रेडिएटरची वाफ नव्हतं.

पुसदला रहेमान मिस्त्रीनं शेडमधून ट्रक पाहिला, त्यावरचा कापूस पाहिला, पुढं घंटा घेऊन बसलेली म्हातारी पाहिली. "वाह अम्मा!" तो ओरडला, आणि मग स्वतःच पळत जाऊन चहा सांगितला.

भुरीबाईला आपण काय करून बसलो ते संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. तिनं सवयीनं घागर उचलली तर लालीबाईनं ती हातातून काढून घेतली. "गराशावर ओझं नाई, याडी." दुसऱ्या दिवशी मोळी बांधायला गेली तर शेजारणीनं काढून घेतली. चाऱ्याचा भारा नायकाच्या बायकोनं. भुरीबाई चिडली, भांडली, एका पोराच्या पाठीत धपाटाही घातला. पण सबंध तांड्यानं शब्द दिला होता आणि बंजाऱ्याचा शब्द तिनंच सगळ्यांना शिकवलेला होता. स्वतःच्या नियमात ती अशी अडकली की तिला हलता येईना. तिनं हे जाणूनबुजून केलं होतं की घाटातल्या उन्हात दुसरं काही सुचलं नव्हतं, हे खेमसिंगनं कधी विचारलं नाही. विचारायची त्याला भीती वाटायची, कदाचित ती घंटा सोडून परत ठेवेल म्हणून.

त्यानंतर कापसाच्या हंगामात दर बाजाराला ट्रक भरून जायचा आणि पुढच्या सीटवर भुरीबाई असायची. पुसदच्या बाजारात लोकांना आधी घंटा ऐकू यायची, मग भोंगा. ती उतरून कोणाच्या तरी ओट्यावर बसायची, पान खायची, खैरुनबीशी गप्पा मारायची. घाट लागला की अजूनही तिचा हात डोक्याकडे जायचा, पण पूर्वीइतक्या वेळा नाही.

एकदा परतीच्या वाटेवर, ट्रक रिकामा, ऊन उतरलेलं, खेमसिंगनं गिअर बदलता बदलता सहज विचारलं, "याडी, मान डुलते का वं?"

भुरीबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. सागाची पानं वाऱ्यावर हलत होती.

"डुलते ना, बापा," ती म्हणाली. "डुलू दे."